पाखाडीवरचा कुकारा

माझ्या सासुरवाडीला मी तेहेचाळीस वर्षांत तीनदा गेलो होतो आणि एकदाही स्वतःच्या पायांनी वर चढलो नव्हतो. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, पण पुढचं कळायला हे आधी सांगणं भाग आहे.

आडखोल हे कोकणातलं बंदराचं गाव. खाली समुद्र, मासळीबाजार आणि एस.टी.चा थांबा. वर डोंगर आणि डोंगरभर घरं. खालून वर जाणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट आहे, तिला तिकडे पाखाडी म्हणतात. अगदी शेवटचं, सगळ्यात वरचं घर माझ्या बायकोच्या मावशीचं. स्मिता चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि भागीरथीमावशींनी तिला वाढवलं. त्यामुळे तिचं माहेर म्हणजे ते घर आणि आई म्हणजे मावशी.

पहिल्यांदा गेलो ते लग्नाला. लग्न खाली बंदरावरच्या देवळात लागलं आणि वऱ्हाड तिथूनच परत फिरलं. दुसऱ्यांदा दिवाळसणाला गेलो, तर एस.टी.तून उतरतानाच माझा पाय मुरगळला. नवा जावई, त्याला खाली कसं ठेवायचं? चौघांनी मला लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, त्यामुळे पाखाडी काही दिसली नाही. पुढे मुलाला घेऊन दर मे महिन्यात स्मिता एकटीच जायची. मी बेंगळुरात. कारखान्यात मी तपासनीस होतो, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंची मापं तपासायचो, आणि रजा मागायला मला कायम लाज वाटायची. आडखोलात मात्र माझं नाव पडलं ते पडलंच. खुर्चीवाला जावई.

तिसऱ्या खेपेला मी जो घोळ घातला, त्यावर ही सगळी गोष्ट उभी आहे.

पाखाडीवर चढण्याची एक रीत आहे. खालच्या पहिल्या दाराशी थांबायचं, आपलं नाव सांगायचं, पाणी प्यायचं. मग त्या घरातलं कोणीतरी अंगणात येऊन तोंडाशी हात धरून वरच्या घराला कुकारा घालतं, म्हणजे लांबलचक 'कू' अशी हाक. वरचं घर तो ऐकतं आणि त्याच्या वरच्याला कुकारा घालतं. पाहुणा दर दाराशी थांबत, गप्पा मारत चढतो आणि कुकारा त्याच्या पुढे पळतो. पाहुणा शेवटच्या घरी पोचतो तेव्हा चुलीवर आधण ठेवलेलं असतं. फक्त एका वेळी कोणी थांबत नाही आणि कोणी कुकारा घालत नाही. कोणी गेल्याचा निरोप घेऊन येणारा माणूस खाली मान घालून तडक त्या घराशी जातो. म्हणून आडखोलात कुकारा न येता कोणी दाराशी आलं, की घरातल्या माणसाच्या काळजात धस्स होतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. स्मिताने शंभरदा सांगितलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा मागच्या बाजूने नवा डांबरी रस्ता थेट वरपर्यंत झाला होता आणि तिचे गुडघे दुखत होते. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, घे वरून. स्मिता नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "गाडी दारापर्यंत जाते, उगाच हट्ट कशाला?" गाडी दारात उभी राहिली. मावशींना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, कान मात्र तिखट. कुकारा नाही, पावलं नाहीत, नुसता दारात गाडी थांबल्याचा आवाज. त्या घाईने उठल्या, उंबऱ्याला अडखळल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

स्मिता महिनाभर त्यांच्याजवळ राहिली. परत आल्यावर मला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाली, "आता जाईन तेव्हा पायीच जाईन. खालपासून. प्रत्येक दार घेत."

मग वर्षभराने तिचे गुडघे इतके दुखू लागले की घरातल्या घरात काठी लागायची. गेल्या वर्षी उजवा गुडघा बदलून घेतला. व्यायाम शिकवायला गुरुराज नावाचा तरुण घरी यायचा. त्याने कागदावर काड्यांची माणसं काढून दिली होती, वाकणारी, पाय उचलणारी. "अम्मा, दिनाला स्वल्प स्वल्प चालायचं," असं तो आमच्या घरातल्या मराठीचं अनुकरण करत सांगायचा. आमचं घराणं चार पिढ्या बेंगळूरचं. आमची मराठी अशीच, कन्नडच्या मांडीवर बसलेली. स्मिताने लग्नानंतरची दहा वर्षं तिला हसण्यात घालवली आणि पुढची तेहेतीस तीच बोलण्यात.

तर आम्ही चालायला लागलो. जे. पी. नगरातल्या आमच्या घरापासून रागीगुड्ड्याच्या देवळापर्यंत. तिथे टेकडी आहे आणि पायऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दर्शिनीपाशी स्मिता थांबली.

"दमलीस?" मी विचारलं.

"नाही. हे दामूचं सोड्याचं दुकान. इथे थांबायचं."

"इथे इडली मिळते, स्मिता."

"तुम्ही चाला हो. मी माझ्या वाटेने चाललेय."

त्या दिवसापासून आमचा रोजचा रस्ता तिने आडखोल करून टाकला. दर्शिनी म्हणजे दामूचं दुकान, लिंबू सोडा आणि बंदरावरच्या बातम्या. फूलवालीची पाटी म्हणजे कासारणीचं घर, तिथे बांगड्या. औषधांचं दुकान म्हणजे मास्तरांचं घर, मास्तर ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना पाढे विचारायचे, सतराचा पाढा आला नाही तर वर सोडायचे नाहीत. ट्रान्सफॉर्मरजवळचं पिंपळाचं झाड म्हणजे देवचाराचा, गावाच्या राखणदाराचा, दगड, तिथे नुसतं थांबून नमस्कार. मेट्रोचा खांब म्हणजे विहीर. मग येसाजीचं घर, तिच्या वर्गातला, शाळेत तिच्या वेणीला कागदाची शेपटी लावणारा. आणि रागीगुड्ड्याच्या पायऱ्या म्हणजे शेवटची खडी चढण, मावशींच्या अंगणापर्यंत.

मी आयुष्यभर मापं तपासली, त्यामुळे मला राहवायचं नाही. "विहिरीपासून येसाजीचं घर किती अंतर?"

"एक गाणं म्हणेपर्यंत."

"पायऱ्या किती, एकूण?"

"कोण मोजतं? चढायच्या असतात त्या."

मी चिडायचो. जिला गावातल्या पायऱ्या माहीत नाहीत तिने नकाशा काय सांगावा? ती म्हणायची, "तुमची मोजपट्टी घरी ठेवून या उद्यापासून." मग टेकडीवर पोचल्यावर ती कठड्याला धरून उभी राहायची. खाली घरांच्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, लांबवर पिवळट धुरळा. "इथे समुद्र," ती म्हणायची. "आणि गंमत सांगू? जितकं वर चढावं तितका समुद्र वर येतो. खाली राहात नाही. आपल्या डोळ्यांबरोबर चढतो."

"समुद्र चढत नसतो," मी म्हणायचो.

"बरं, सरी," ती म्हणायची, आमच्याच कन्नडमध्ये, आणि हसायची.

दोन गोष्टी मला मान्य केल्या पाहिजेत. एक म्हणजे, त्या रस्त्याने मी तीस वर्षं चाललो होतो आणि कोणाचं नाव मला ठाऊक नव्हतं. स्मिता दर दाराशी थांबायची म्हणून थांबावं लागलं, आणि महिनाभरात फूलवाली चंदना विचारू लागली, "अक्का, काल का नाही आलात?" औषधवाला खुर्ची बाहेर आणून ठेवायचा. दुसरी म्हणजे, मला ते गाव पाठ झालं. झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, कासारणीनंतर मास्तर, मास्तरांनंतर देवचार.

एकच गोष्ट केली नाही. टेकडीखाली पहिल्या पायरीपाशी ती एकदा म्हणाली, "इथून एक कुकारा घाला ना. मला तितका दम नाही आता."

"भर जे. पी. नगरात? लोक पोलिसांना फोन करतील."

"बायकोसाठी एक कू निघत नाही तुमच्या तोंडून."

मी इकडेतिकडे पाहिलं, खाकरलो आणि पायऱ्या चढू लागलो. ती मागून काठी टेकत आली. ते मला पुढे फार लागलं.

गणपतीत जायचं ठरलं होतं. तिने मावशींना फोनवर सांगूनही टाकलं होतं, "गणपतीला येते, चालत येते, कुकारा ऐक." आणि निघायच्या आठवडाभर आधी तिचा पाय सुजला. पोटरीत रक्ताची गुठळी. डॉक्टर म्हणाले, तीन महिने लांबचा प्रवास नाही, चढण तर नाहीच. नकाशा तिने त्याच दिवशी काढला. गुरुराजच्या व्यायामाच्या कागदाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, खालपासून वरपर्यंत सगळी दारं, तिच्या लहानपणी होती तशी. का काढते विचारलं तर म्हणाली, "विसरायला नको म्हणून."

गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीच्या आधी आडखोलहून मुग्धाचा फोन आला. मुग्धा म्हणजे मावशींची नातसून, तीच आता त्यांचं सगळं करते.

"आत्या, आजी जेवत नाहीयेत," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. चहा आणि दोन चमचे पेज. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही."

"मग काय झालंय?"

मुग्धाने आवाज बारीक केला. "त्यांना वाटतंय तुम्ही गेलात. आणि आम्ही त्यांच्यापासून लपवतोय."

स्मिता म्हणाली, "फोन दे त्यांना."

फोन दिला, पण मावशींनी तो कानाला लावला नाही. पलीकडून त्यांचा आवाज मात्र आम्हाला ऐकू आला. "फोनात मेलेलो माणूस पण बोलता. माका सगळा म्हायत आसा. लपयतास तुमी माझ्यापासून." त्याला कारण होतं. त्यांचे यजमान गेल्यावर नातवाने त्यांचा जुना आवाज फोनवर लावून दाखवला होता. त्यानंतर फोनातल्या आवाजावरचा त्यांचा विश्वासच उडाला. माणूस जिवंत आहे की नाही हे त्यांच्या लेखी एकाच गोष्टीवरून कळत होतं. पाखाडीवरून येतो की नाही. स्मिता येते म्हणाली आणि आली नाही.

त्या दुपारी आमचा निहार आला. तो महादेवपुऱ्यात काम करतो, सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे उपाय असतो. "बाबा, मी ड्राइव्ह करतो ना. आईला मागच्या सीटवर झोपवू, पाय वर ठेवून. डोअर टु डोअर."

"दारात गाडी," स्मिता म्हणाली. "तेच तर नको रे. आणि डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"मग व्हिडिओ?"

"त्यांना दिसत नाही."

मी खिडकीशी उभा होतो. तीन वर्षं मनात जे धरून बसलो होतो ते तेव्हा तोंडातून बाहेर पडलं. "मी जातो," मी म्हटलं. "माझ्यामुळे त्या पडल्या. मी जातो आणि चालत जातो."

स्मिताने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हसेल. एकाहत्तर वर्षांचा माणूस, खुर्चीवाला. ती म्हणाली, "तुम्ही एकटे पोचलात तर त्यांना खात्रीच पटेल. एकटा जावई कशाला येतो? निरोप सांगायला."

"दर दाराशी थांबलो तर? कुकारा आला तर?"

मग उठून तिने तो व्यायामाचा कागद आणून माझ्या खिशात घातला. "दामूपासून सुरू करा. एक दारही चुकवू नका. खालच्याने कुकारा घातला की पुढचं ते बघतील."

बसने रात्रभर प्रवास करून मी सकाळी सावंतवाडीला उतरलो आणि तिथून एस.टी. धरली. मुग्धाला फोन केला तर ती घाबरली. "काका, आजीला सांगू नको तुम्ही आलात म्हणून? बरं. पण रिक्षा पाठवते वरून, ऊन चढलंय." मी नको म्हटलं. आडखोलच्या थांब्यावर उतरताना मी पायरीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. या वेळी पाय मुरगळून चालणार नव्हतं.

तिथून मी कागद काढून चालू लागलो आणि पहिल्याच दाराशी चुकलो. दामूच्या दुकानाच्या जागी पाण्यातल्या खेळांची तिकिटं विकणारी टपरी होती. आत बसलेल्या बाईला मी म्हटलं, "मी बेंगळूरहून आलोय. वरच्या भागीरथीबाईंचा जावई." ती म्हणाली, "बोट राइड पायजे काय?" मी पाण्याची बाटली घेतली, तिथेच उभा राहून दोन घोट प्यायलो आणि वाट पाहिली. तिने कुकारा घातला नाही. तिला तो कसा ठाऊक असणार?

पाखाडी मात्र तिथेच होती. तांबड्या, झिजलेल्या, मधोमध खोलगट पायऱ्या. कासारणीचं घर बंद, दाराला कुलूप, अंगणात गवत. तरी मी थांबलो. नाव सांगितलं, कुलपाला. मास्तरांच्या ओटीवर आता पाट्या होत्या, खोल्या भाड्याने मिळतील, गरम पाणी, वायफाय. एक पर्यटक आरामात बसला होता. तो मला हिंदीत विचारू लागला की वर काही बघण्यासारखं आहे का. मी म्हटलं, आहे. सतराचा पाढा मी मनातल्या मनात म्हटला, न चुकता, आणि मग पुढे गेलो.

देवचाराच्या दगडाशी मात्र हार होता, ताजा. तिथे मी हात जोडले. पिंपळाचं झाड नव्हतं, ते जे. पी. नगरात होतं. मला क्षणभर दोन्ही एकदम दिसलं, दगड आणि ट्रान्सफॉर्मर, आणि माझ्या बायकोने वर्षभर काठीवर भार देत त्या पिंपळाखाली का हात जोडले ते मला तिथे समजलं. ती तिथे नव्हतीच. ती इथे होती.

दम लागला म्हणून वळून बघितलं. समुद्र होता, आणि तो खाली नव्हता. नारळांच्या वर, घरांच्या कौलांच्या वर, माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर त्याची रेघ होती. मी आणखी वीस पायऱ्या चढलो आणि पुन्हा वळलो. रेघ माझ्याबरोबर आली होती. मी तिथे उभ्या उभ्या स्मिताला मनात सरी म्हटलं.

येसाजीचं घर तेवढं उघडं होतं. तो स्वतः ओटीवर जाळं विणत बसला होता, माझ्याच वयाचा, दात नसलेला. मी नाव सांगितलं. त्याने मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "खुर्चीवालो जावय मां तू?"

"होय."

"चलत इलास?"

"खालपासून."

त्याने पाणी आणून दिलं, सोबत गूळ. मी म्हटलं, "वर कुकारा घालाल का?"

येसाजी हसला, मग त्याने घशाला हात लावला. तिथे एक आडवा व्रण होता, जुना. "ऑपरेशन झाला. मोठो आवाज नाय रवलो. आणि आता कोण घालता कुकारो? सगळे फोन करतत." जाळ्याची गाठ मारत तो हळू आवाजात म्हणाला, "म्हातारी रोज कान लावन बसता मात्र. ह्या वख्ताक दारातच आसतली."

मी शेवटच्या चढणीखाली आलो. वर मावशींच्या घराचं छप्पर दिसत होतं. दर दाराशी थांबलो होतो, पाणी प्यायलो होतो, सगळी रीत पाळली होती, आणि तरीही वर कुकारा गेला नव्हता. आता जर मी तसाच चढलो तर अंगणात येणार होती ती एका पुरुषाची एकटी, जड पावलं. न बोलता आलेली. म्हणजे तीच टॅक्सी, फक्त चालत आलेली.

मी इकडेतिकडे पाहिलं. पर्यटक खालून येत होता, फोटो काढत. जे. पी. नगरात मी असाच इकडेतिकडे पाहून खाकरलो होतो. मला माझी शरम वाटली, इथली नाही, तिथली. मी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कुकारा घातला.

कसला कुकारा, मध्येच फाटला. आयुष्यात मी कधी ओरडलो नव्हतो, कारखान्यातही नाही. पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा घातला. जरा लांब गेला. झाडीतून पक्षी उडाले. मग सगळं शांत. पर्यटक थांबून माझ्याकडे बघत होता. मी तिसऱ्यांदा हात वर नेले, आणि तेवढ्यात वरून उत्तर आलं.

बारीक, कापरा, पण सुरात चढत जाणारा. कू. एक्याण्णव वर्षांच्या बाईचा. माझे डोळे भरून आले, ते पुसायला मी थांबलो नाही. उरलेल्या पायऱ्या मी धावत चढलो असं सांगितलं तर ते खोटं होईल, पण थांबलो नाही हे खरं.

मावशी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. किती लहान झाल्या होत्या. मुग्धा मागे उभी होती, तोंडाला पदर लावून. मावशींनी मान तिरकी करून माझी पावलं ऐकली.

"कोण तां?"

"मी, मावशी. सुधींद्र. बेंगळूरहून."

"स्मिताचो घोव?" त्यांचा हात पुढे आला, माझ्या मनगटावरून, बाहीवरून फिरला. घामाने बाही ओली होती. "चलत इलास?"

"चालत आलो. दामूकडे थांबलो, कासारणीकडे, मास्तरांकडे, देवचाराला हात जोडले, येसाजीने गूळ दिला." मी श्वास घेतला. "तिचा पाय बरा नाही, म्हणून मला पाठवलं. ती बरी आहे, मावशी. ती घरी आहे."

त्या माझी बाही पकडून बसल्या. दामू मेला त्याला वीस वर्षं झाली हे त्यांना माहीत होतं, मला ते नंतर कळलं. पण ही नावं ज्या क्रमाने मी सांगितली, त्या क्रमाने ती एकाच माणसाने शिकवलेली असणार हे त्यांनी ओळखलं असावं. मग त्या म्हणाल्या, "खुर्ची नाय लागली?"

"नाही लागली."

"हाड तो फोन," त्या मुग्धाला म्हणाल्या.

मुग्धाने फोन आणला, लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडे स्मिता असणार, सकाळपासून फोन हातात घेऊन बाल्कनीत बसलेली. तिचं 'मावशी' मला बाजूलाही ऐकू आलं. मावशींनी तिला पुढे बोलू दिलं नाही.

"गो, तुझो घोव चलत इलो," त्या म्हणाल्या. "पण कुकारो घालूक येणा नाय तेका. म्हशीसारखो वराडता. फुडच्या खेपेक तू घाल."

मावशी थांबल्या, फोन कानाला घट्ट दाबून. मी मुग्धाकडे पाहिलं, मुग्धाने माझ्याकडे. मग त्या छोट्याशा फोनातून, दुपारच्या रहदारीच्या भोंग्यांवरून, जे. पी. नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, दम नाही म्हणणाऱ्या माझ्या बायकोने कुकारा घातला.

मावशींनी मान डोलवली. त्यांनी तोंडाशी हात नेला नाही, फोनातच हलकेच उत्तर दिलं, आणि त्याला पलीकडून पुन्हा उत्तर आलं. मेलेली माणसं फोनात बोलतात, पण कुकाऱ्याला उत्तर देत नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

त्यांनी फोन खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"मुग्धा," त्या म्हणाल्या, "तेका पाणी दी. आणि गो, माका जेवूक वाढ."